घोटाभर भिंत

चष्मेवाल्याने आईला नवं घर दाखवायला नेलं, तेव्हा ते घर जेमतेम घोट्याइतकं उंच होतं.

इमारतीचा सांगाडा उभा राहिला होता, स्लॅब पडले होते, आणि गवंड्यांनी मजल्यावर विटांचा पहिला थर मांडून ठेवला होता. कुठली खोली कुठे, दार कुठे, हे त्या थरावरून कळायचं. बाकी सगळी हवा. चष्मेवाला विटांवरून ढांगा टाकत सरळ खिडकीच्या जागेपाशी पोचला. आई मात्र विटांच्या कडेकडेने चालत दारासाठी सोडलेल्या फटीपर्यंत गेली आणि तिथूनच आत आली.

"अगं, ओलांड की. घोटाभर तर आहे."

"भिंत ओलांडतं का कोणी?" आई म्हणाली.

खोली लहान होती, हॉलला लागून, पूर्वेच्या खिडकीची. ती आईची, हे आधीपासून ठरलेलं होतं. वडील गेल्यापासून ती ताईकडे राहत होती, जावयाच्या घरात बाहेरच्या दिवाणावर झोपत होती. तक्रारीचा शब्द नाही. फक्त कपडे पिशवीत ठेवायची, आणि वडिलांचा फोटो त्या कपड्यांच्या घडीत. कारण दुसऱ्याच्या भिंतीला आपण खिळा कसा मारायचा?

त्या दिवशी तिने हवेत एका ठिकाणी बोट टेकवलं. "फोटो इथे. पडल्या पडल्या दिसेल." निघताना ती फटीतून बाहेर आली, मागे वळली आणि नसलेल्या दाराची नसलेली कडी लावली. साइटवरचा सुपरवायझर हसला. चष्मेवालाही हसला.

घर पाहावं बांधून म्हणतात. चष्मेवाल्याला ते आयतं विकत घ्यायचं होतं, आणि पाहायचं होतं ते चारचौघांनी. उभा जन्म त्याने बोळकांडीएवढ्या दुकानात काढला होता. दुकान इतकं आखूड की गिऱ्हाइकाचे डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता पाठीमागे उलटा लावून समोरच्या आरशात वाचायला लावावा लागे. मोठी जागा म्हणजे काय हे त्याला आरशातच माहीत होतं. म्हणून पुढच्या खेपेला, बायको बरोबर असताना, सुपरवायझर जेव्हा म्हणाला, "काही बदल असेल तर आत्ताच बोला साहेब, विटा चढल्यावर माझ्याकडे यायचं नाही," तेव्हा तो बोलून गेला, "ही मधली भिंत काढली तर हॉल केवढा होईल?"

"आणि आईंची खोली?" बायकोने विचारलं.

"ती ताईकडे रुळलीये आता. आली कधी राहायला, तर हॉल आहेच की."

बायको गप्प राहिली. ती गप्प राहिली याचा अर्थ पटलं असा त्याने सोयीने लावून घेतला. विटांचा तो थर दुसऱ्या दिवशी उचलला गेला.

आईला सांगायचं तेवढं राहिलं. ताबा मिळाला की सांगू. मग, सामान लागलं की सांगू. ते राहायला गेले, पडदे लागले, आणि फोनवर तो आईला सांगत होता, रंगकाम चाललंय. मग नळांचं काम चाललंय. एक खोटं पचलं की दुसरं आपोआप गिळलं जातं. आई म्हणायची, "होऊ दे सावकाश. घाईचं काम वाईट." फोन ठेवल्यावर तो हॉलभर नजर फिरवायचा आणि त्याला स्वतःच्याच घरात चोरून शिरल्यासारखं वाटायचं.

हॉल मात्र खरंच मोठा झाला होता. लोक यायचे, वा वा करायचे, आणि सगळे एकाच अर्ध्यात बसायचे.

आधी त्याने ते मनावर घेतलं नाही. मग एकदा वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर घर बघायला आले. "खिडकीतून काय दिसतं बघू," म्हणून उठले. सोफ्यापासून खिडकी नाकासमोर होती. मास्तर डावीकडे गेले, थोडं चालले, एका जागी अंग किंचित चोरून वळले आणि मग खिडकीशी गेले. परतही तसेच आले. अंगात कसर असेल, चष्मेवाल्याला वाटलं. पण त्याचा मेहुणा तसाच गेला. दुकानातला मदतनीस तसाच गेला. आणि एका सकाळी हातात कपडे घेऊन बायको तशीच गेली.

"तू अशी वळून का गेलीस?"

"कशी?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

फरशी पुसून झाली की हॉलच्या मधोमध एक कोरडी रेघ उरायची, अगदी सरळ, आणि एका ठिकाणी काटकोनात वळलेली. पुसणाऱ्या बाईंना त्याने विचारलं. "कोपऱ्यात फडकं नीट पोचत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि मग ज्या जागेकडे त्यांनी हात केला तिथे कोपरा नाही हे दिसून त्या जरा ओशाळल्या.

सकाळचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि त्या रेघेशी थांबायचं. पलीकडे सोफा सावलीत. चष्मेवाल्याने दुकानात स्वतःचे डोळे तपासले. आरशातलं शेवटच्या ओळीचं बारीक अक्षरही त्याला लख्ख वाचता आलं.

मग घरात कोणी नाही असं बघून तो मुद्दाम सोफ्यापासून खिडकीकडे नाकासमोर चालत गेला. कुठे काही अडलं नाही. त्याला हायसं वाटलं. परत येताना त्याने खाली पाहिलं, तर त्या रेघेपाशी त्याचा पाय आपोआप उचलला जात होता. घोटाभर.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "प्लास्टर अजून ओलं आहे का रे?" तिने विचारलं. "स्वप्नात हात लावला, तर गार लागलं."

"हो," तो म्हणाला. "वाळतंय."

त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. जनाची सोडा, मनाची तरी असावी माणसाला. ती होती, नाही असं नाही, पण लाजेने तोंड उघडत नाही, उलट अधिकच मिटतं.

खोट्याला पाय फुटायचे ते त्याच्या दुकानाच्या ओळखीतूनच फुटले. एका गिऱ्हाइकाने ताईपाशी हॉलची तारीफ केली. ताई दुकानात आली. आत गर्दी होती, एक बाई डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवून आरशातली अक्षरं वाचत होत्या. ताई दारातच उभी राहिली.

"रंग वाळला का रे?"

बस, एवढंच. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातातली काच तो उगाचच पुसत राहिला.

"आईला कळलं?"

"मी नाही सांगितलं. तोंड तुझं आहे, तूच उघड."

"रविवारी आणतो तिला."

"आणून ठेवणार कुठे?" ताई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

रविवारी सकाळी तो आईला घेऊन निघाला. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती. रिक्षात त्याने कितीदा तरी सुरुवात केली. "आई, ते घराचं..." आई म्हणाली, "अरे, खिळा मी आणलाय. तुमच्याकडे नसला तर शोधाशोध नको."

दार बायकोने उघडलं. सांगितलंस का, असं तिने नजरेने विचारलं. त्याची मान खाली गेली.

आईने चपला काढल्या, पाय पुसले, हॉलमध्ये आली. सोफा पाहिला, पडदे पाहिले. "छान झालंय," ती म्हणाली.

"आई, ऐक. ती खोली... मी ती भिंत काढायला लावली. मलाच हॉल मोठा हवा होता. इतके दिवस मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझी खोली नाहीये गं."

आईने त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी खोटं पकडल्यावर पाहायची तसं, न रागावता. मग तिने हात पुढे करून तळवा हवेवर टेकवला.

"नाही कशी? वाळलीसुद्धा नाहीये अजून."

हात तसाच फिरवत ती कडेकडेने चालत गेली. एका ठिकाणी थांबली. मनगट वळवलं. आत गेली.

आतून तिने कडी लावली.

कडी लागल्याचा आवाज त्याने ऐकला. बायकोनेही ऐकला. त्यानंतर आईचा आवाज आला नाही.

ती समोर होती, स्वच्छ दिसत होती. खिडकीतल्या उन्हात बसून पिशवीतले कपडे बाहेर काढत होती, स्वतःशीच काही बोलत होती. ओठ हलत होते.

"आई!" बायकोने हाक मारली. मग त्याने मारली. तिने मान वर केली नाही.

तो नाकासमोर चालत गेला. पाय उचलला. या वेळी घोटाभर पुरला नाही. गुडघा आपटला, मग हात. हाताला गार, ओलसर प्लास्टर लागलं.

आईने साडीच्या घडीतून फोटो काढला. पदराने पुसला. मग उठून थेट त्याच्यासमोर आली, इतकी जवळ की तिच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूची सुरुवात त्याला दिसली. इतक्या दिवसांत त्याने तिचे डोळेसुद्धा तपासले नव्हते. ती त्याच्याकडेच पाहत होती, भिंतीकडे पाहावं तशी.

तिने बोट टेकवलं, बरोबर त्याच्या कपाळासमोर. तिथे खिळा धरला, आणि पिशवीतल्या पितळी डबीने ठोकला.

आवाज आला नाही. हादरा त्याच्या तळहाताला जाणवला.

तिने फोटो अडकवला, सरळ केला, मागे सरून पाहिला आणि समाधानाने आडवी झाली.

चष्मेवाला तिथेच उभा राहिला. हवेत टांगलेल्या वडिलांच्या फोटोचा मागचा पुठ्ठा आणि त्याची सुतळी एवढंच त्याला त्याच्या बाजूने दिसत होतं.