गोमाआत्याचा दर्या आणि शहाण्णव ठिपके

"ही नदी हाय, दर्या नाय," गोमाआत्या म्हणाली आणि माझी फिल्म अर्ध्यावर सोडून उठली.

तीन महिने मी आणि ठोकळा रोज शाळा सुटल्यावर चित्रं काढत होतो, आणि या बाईने अठ्ठावीस सेकंदांत निकाल लावून टाकला. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे सगळ्या शिंपेवाडीला ठाऊक आहे. मी पडदा मिटला, ठोकळ्याला "चल" म्हटलं आणि तरातरा घरी आले.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? मी जुईली तांडेल, इयत्ता आठवी. ठोकळा म्हणजे आमच्या शाळेचा चित्रकार रोबो. सन २०४८ मध्ये प्रत्येक शाळेला एकेक मिळाला, तसा आम्हालाही मिळाला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण तो चौकोनी आहे आणि त्याला विनोद कळत नाही, म्हणून ठोकळा. आणि गोमाआत्या ही आमच्या कोळीवाड्यातली शेवटची धवलारीण (लग्नातले विधी गाण्यांतून लावणारी बाई). तिच्यापाशी दर्याचं एक गाणं आहे. ते दुसऱ्या कुणालाही येत नाही.

दर्या माजा उभ्यानं डोले, जागा सोडी ना,
लाट त्याची माहेरा चालली, कोनी अडवी ना.

मला या गाण्यावर ॲनिमेशनपट (चित्रं हलती करून केलेला सिनेमा) करायचा होता, तोही तिच्याच आवाजात. पण आत्या आवाज भरू (रेकॉर्ड करू) देईना. मागे एकाने तिचं एक गाणं भरून नेलं आणि त्याचा असा काही धांगडधिंगा केला, की तिला स्वतःलाच ते ओळखू आलं नाही. "आदी दर्या दाखव," ती मला म्हणाली होती. "खरा वाटला तं गानं देईन." आणि दहा दिवसांनी ती लेकीकडे सुरतेला कायमची राहायला निघणार होती. गाणंही तिच्याबरोबर जाणार. मला त्या विचाराने रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडायचे.

"आपली चित्रं बरोबर होती," ठोकळा घरी आल्यावर म्हणाला. "मी समुद्राचे अकरा लाख फोटो पाहिले आहेत."

"मग ती नदी का म्हणाली?"

"माहीत नाही. मी नदीचे फोटो वेगळ्या कप्प्यात ठेवतो."

त्याने पडदा उघडून फिल्म पुन्हा लावली. आमचा बाबा जाळं शिवत बसला होता. त्याने जागेवरूनच मान उंचावून पडद्याकडे पाहिलं आणि तो इतका हसला की त्याच्या हातातली सुई पडली. "अगं, तुझं सगळं पाणी किनाऱ्याकडे पळतंय. होडी बघ, लाटेबरोबर सरळ चाललीय. असं असतं तर आम्हाला परत यायला इंजिन कशाला लागलं असतं? आणि एवढं पाणी रोज किनाऱ्यावर आलं असतं, तर एव्हाना कोळीवाडा बुडाला असता."

बाबाचं बोलणं खरं होतं. आम्ही लाटांचं एक लांब चित्र काढलं होतं आणि ते डावीकडून उजवीकडे सरकवलं होतं. बरं, गाण्यातही तेच आहे की. दर्या जागा सोडत नाही, पण लाट मात्र चालते. मी ती नुसती कविता समजले होते. पण पाणी जागच्या जागी असेल, तर किनाऱ्यापर्यंत येतं ते काय?

"ठोकळ्या, तू कधी समुद्रात गेलायस?"

"नाही. मला पाणी चालत नाही."

"आता चालेल," मी म्हटलं आणि त्याला बाबाचा जुना रेनकोट घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाने आम्हाला होडीतून नेलं. लाटा फुटतात ती जागा ओलांडून, पार डोल जाळी लावतात तिथे. ही जाळी बांधायला समुद्राच्या तळात लाकडी खांब रोवलेले असतात. खांब हलत नाही, म्हणून मोजायला बरा. मी एक सुका नारळ खांबाजवळ पाण्यात सोडला. वारा पडलेला होता आणि भरतीचा ओढही थांबला होता. लाटा मात्र लांबून, शांतपणे, एकामागून एक येत होत्या.

मला वाटलं होतं, पहिली लाट नारळाला उचलून पळवेल. पण लाट जवळ येताच नारळ उलटा तिच्याकडेच ओढला गेला. मग वर चढला. लाटेच्या माथ्यावर थोडा पुढे गेला. लाट पुढे निघून गेली तसा खाली उतरला, आणि पुन्हा मागे. दहा लाटा गेल्या, वीस गेल्या. नारळ आपला खांबाशेजारीच.

"माझे फोटो चुकीचे आहेत," ठोकळा रेनकोटातून म्हणाला.

"फोटो बरोबर आहेत. पण फोटोत लाट दिसते, पाणी कुठे गेलं ते दिसत नाही. तू आता नारळावर डोळा ठेव. आपण सिनेमात सेकंदाला किती चित्रं दाखवतो?"

"चोवीस. प्रत्येक चित्र स्थिर असतं, मागच्यापेक्षा किंचित वेगळं. ती भराभर दाखवली की मधली हालचाल माणसाचा मेंदू स्वतःच भरून काढतो."

"मग तू सेकंदाला चोवीस फोटो काढ, आणि प्रत्येकात नारळ जिथे असेल तिथे लाल ठिपका दे."

एक लाट जायला चार सेकंद लागत होते. चार गुणिले चोवीस, शहाण्णव ठिपके. ठोकळ्याने खांबाला खांब जुळवून सगळे फोटो एकावर एक ठेवले आणि पडदा माझ्यापुढे धरला. ठिपक्यांचं एक जवळजवळ पूर्ण वर्तुळ झालं होतं. शेवटचा ठिपका पहिल्याच्या अगदी शेजारी, फक्त बोटभर पुढे.

मला इतका आनंद झाला की मी होडीतच उभी राहिले, आणि बाबाने मला शर्टाला धरून खाली बसवलं.

"म्हणजे पाणी गोल फिरतं," मी म्हटलं. "पण मग चालतं काय?"

याचं उत्तर मला धक्क्यावर मिळालं. आम्ही परतलो तेव्हा एक मोठी होडी रिकामी होत होती. होडीपासून टेंपोपर्यंत बाया-माणसं रांगेत उभी, आणि मासळीच्या पाट्या हातोहात पुढे जात होत्या. जो तो पाटी घ्यायला मागे वळायचा, द्यायला पुढे वळायचा, की पुन्हा मागे. माणूस कुणीच जागा सोडत नव्हता. तरी पाटी टेंपोत पोचत होती.

"ठोकळ्या, ती बघ लाट."

एक पाटी होडीतून टेंपोत पोचेपर्यंत त्याने तिच्यावर डोळा ठेवला. मग म्हणाला, "पाण्याचा प्रत्येक थेंब जागच्या जागी एक फेरी मारतो आणि शेजारच्याला ढकलतो. शेजारचा फेरी जरा उशिरा सुरू करतो. त्यामुळे पाणी तिथेच राहतं आणि ऊर्जा (काम करण्याची ताकद) पुढे जाते. मी एक माहिती शोधू का?"

"शोध."

"खाली खाली गेलं की ही वर्तुळं लहान होतात. दोन लाटांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीवर ती जवळपास संपतात. म्हणून वर लाटा असल्या, तरी खोल गेलेल्या पाणबुडीला त्या जाणवत नाहीत. किनाऱ्याजवळ तळ वर येतो. तिथे वर्तुळं चपटी होतात, लाट वर उभी राहते आणि फुटते. मग मात्र पाणी खरोखर पुढे येतं."

पुढच्या रविवारी फिल्म पुन्हा दाखवायचं ठरलं; हातात सहा दिवस होते. आम्ही जुनं सगळं पुसलं. ठोकळा म्हणाला, "अख्खा समुद्र चितारायला खूप वेळ लागेल." मी म्हटलं, "अख्खा कशाला? शहाण्णव चित्रांची एक फेरी कर. मग तीच फेरी सगळ्या पाण्याला दे, फक्त शेजारच्याला एक चित्र उशिरा." त्याने तसं केलं, आणि पडद्यावर कुणीही लाट काढलेली नसताना लाट उठली. आपली आपण. ती चालत किनाऱ्याकडे गेली, आणि होडी तिथेच डुलत राहिली. मी ठोकळ्याला मिठी मारली. तो म्हणाला की याचा उपयोग काय.

रविवारी भर दुपारी बाबाने मासळीच्या लिलावाच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्र्या लावून अंधार केला. अर्धा कोळीवाडा जमला. गोमाआत्या पुढच्या खुर्चीत बसली होती. तिचं सामान बांधून झालं होतं, मंगळवारची गाडी होती. गाणं नव्हतंच, म्हणून फिल्म मुकीच लावली.

पहिली लाट उठली आणि शेडमधली कुजबुज थांबली. जरा वेळाने पाहिलं तर पुढच्या रांगेतले म्हातारे तांडेल (होडीचे प्रमुख) लाटेबरोबर डुलत होते. आमचे देसाई सर घाटावरचे, कधी होडीत न बसलेले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि दुसरा हात पोटावर ठेवला. "सर, बाहेर जाऊन या," कुणीतरी म्हणालं, आणि सर खरंच बाहेर पळाले. सगळी शेड हसली. बोट लागली, तीही जमिनीवर बसून.

पण मी आत्याकडे बघत होते. ती हसत नव्हती. तिने डोळे मिटले, मग उघडले, आणि फिल्म चालू असतानाच गायला लागली. बरोबर लाटेच्या माथ्यावर तिचा आवाज चढत होता आणि लाटेबरोबर उतरत होता. तिचा ताल आणि आमचे शहाण्णव ठिपके कुठेही चुकले नाहीत. ठोकळ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. आवाज भरून घेऊ का, असं त्याला विचारायचं होतं. मी मान हलवली, नाही. तिने अजून हो म्हटलेलं नव्हतं.

गाणं संपलं. आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "यो माजा दर्या हाय," ती म्हणाली. मग ठोकळ्याकडे वळून जरा रागानेच म्हणाली, "आणि तू काय बघत उभा रे? मी पुन्ना म्हनते, आता नीट भरून घे."

ठोकळ्याने भरून घेतलं. एकदा नाही, तीनदा, कारण आत्याला पहिली दोन आवडली नाहीत. माझा आनंद पोटात मावत नव्हता. सगळे निघून गेले तरी ती तिथेच बसून होती, बोटांवर काहीतरी मोजत.

"अजून एक्केचाळीस गानी हायेत," ती बाबाला म्हणाली. "एकात वादळ हाय, एकात भरती-ओहोटी, एकात आंदारात चमकनारं पानी. या पोरीला ती कशी दिसतात ते बगायचं हाय मना. माज्या लेकीला फोन लाव. तिला सांग, आई येत नाय म्हनून."