सातव्या नकाशातला मुकादम

खोटं सांगायची मला हौस नाही. माझा सख्खा भाऊ गेलाय यात.

गेल्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार, दुपारचे पावणेएक. जागा, बोईसर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतली आमची फायबरची शेड.

मी भाग्येश. धाकटा भाऊ जितेश आणि मी लग्नाच्या सेटसाठी फायबरचे खांब, कमानी बनवायचो. मनोरजवळच्या एका रिसॉर्टला बादशाही महाल हवा होता, सात घुमटांचा. त्यांनी जुन्या नकाशांच्या झेरॉक्स आणून दिल्या. कुठल्याशा बादशहाच्या दरबारातल्या वास्तुकाराने काढलेले नकाशे, म्हणे.

प्रत्येक नकाशात घुमटाखाली एक माणूस होता. पाठमोरा. हातात काठी, पायात टोकदार मोजड्या.

रिसॉर्टवाले म्हणाले, तो वास्तुकार स्वतःच. काम पुरं झालं की घुमटात एकटा उभा राहायचा आणि काठीने भिंत ठोकून बघायचा.

जितेशला त्याची फार गंमत वाटायची. "दादा, आपला मुकादम बघ. चारशे वर्षं झाली, जेवायलासुद्धा सुटला नाही."

सातव्या नकाशात जितेशला मापाची रेघ ओढायची होती आणि हा नेमका तिथेच उभा. जितेशने व्हाइटनर लावून त्याला खोडला.

"जा बाबा, तुला सुट्टी," म्हणाला.

मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

आमच्याकडे एक पद्धत होती. रेझिनचा वास डोक्यात जातो, म्हणून घुमटाच्या आत शिरणाऱ्याने चपला तोंडाशी काढायच्या, म्हणजे आत कोणी आहे ते कळतं. बाहेरच्याने अधूनमधून ठोकायचं. आतून दोनदा वाजलं तर ठीक.

एकदाच वाजलं तर... बाहेर काढा.

त्या दुपारी जितेश सातव्या घुमटात शिरला. तोंडाशी त्याच्या निळ्या चपला होत्या.

मी ठोकलं. आतून उत्तर आलं. टक टक.

थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं. टक टक.

तिसऱ्यांदा काहीच नाही...

मग एकदाच. जड. काठी आपटल्यासारखं.

मी धावलो. तोंडाशी दोन जोड होते. निळ्या चपला, आणि शेजारी टोकदार मोजड्या... चुन्याने पांढऱ्या झालेल्या. आमच्या शेडमध्ये चुना कधीच नव्हता.

वाकून आत गेलो. ओल्या रेझिनमध्ये ब्रश चिकटला होता. जितेश नव्हता.

बाहेर आलो तर मोजड्या गायब. चुन्याची पावलं फाटकापर्यंत उमटलेली. पुढे डांबरावर काही नाही.

आमचा कारागीर गोमा दारातच रेझिन कालवत बसला होता. तो आजही शपथेवर सांगतो, "दादा, जितू भायेर आलाच नाय. एक म्हातारा गेला. मला वाटला, गिराईक हाय."

पोलीस झाले, दवाखाने झाले. जवळच्या नवापूर गावचा समुद्रकिनारासुद्धा पालथा घातला. आठवड्याने मी कटरने तो घुमट उभा चिरला. रिकामा होता. दोन तुकडे शेडमागे पडून आहेत.

रोज पावणेएकला त्यातून आवाज येतो...

एकदाच.

आई त्याच्या चपला पुसून तिथे ठेवते आणि तुकड्याला कान लावून बसते. "काढ की रे त्याला," एवढंच म्हणते.

गेल्या महिन्यात हिय्या करून मी सातवी झेरॉक्स उघडली. व्हाइटनरच्या थरावर एक माणूस उभा आहे. पाठमोरा. डावा खांदा जरा उतरलेला, जितेशसारखा.

पाय अनवाणी.

तेव्हापासून व्हाइटनरची बाटली माझ्या खिशात असते. म्हाताऱ्याला खोडलं, तो सुटला. जितेशला खोडलं तर तो सुटेल, की एवढाही उरणार नाही?

आज बाटली उघडली होती. तेवढ्यात शेडमागून आवाज आला. एकदाच. मी झाकण लावून टाकलं.

बाटलीतलं व्हाइटनर घट्ट होत चाललंय.