हुकूम कुणाचा

भैरवगडाच्या कड्यावर तांबडे फुटले, खोऱ्यातल्या धुक्यातून गनिमाच्या राहुट्यांची टोके डोकावू लागली, तरी सदरेवरचा लोड रिकामाच. आणि गडाचा किल्लेदार कुठे म्हणाल, तर कड्याच्या टोकाशी उकिडवा बसून अंबाडीचा दोर वीत वीत हाताने चाचपत होता.

"गादी धूळ खातेय आणि किल्लेदार दोर कुरवाळतोय," म्हाळसाबाई लेकाच्या पाठीशी उभ्या राहून म्हणाल्या. "तुझे वडील नुसती भुवई उचलायचे, की गड चळचळा कापायचा. तू शिपायांबरोबर आंबील ओरपतोस, त्यांच्याच घोंगडीवर लवंडतोस. अशानं तुला मुजरा कोण करील?"

"आईसाहेब, ज्या दोराला मी लोंबकळलो नाही, त्याला दुसऱ्यानं का लोंबकळावं?" सुभानजीने मान वर केली नाही.

कड्याखालच्या टेपाडावर गनिमाने दारूचा साठा आणून ठेवला होता. तो उडाला तर वेढा उठणार, राहिला तर सुरुंग लागून बुरूज ढासळणार. म्हणून धुके आहे तोवर सुभानजी निवडक गड्यांनिशी उतरणार होता. गडाची रीत जुनी: उतरताना सरदार पहिला, चढताना शेवटचा.

तो उतरला. धुके विरता विरता टेपाडावर आगीचा लोळ उठला, कडा हादरला, आणि गडी एकेक करून दोराने वर आले. खाली दोघेच उरले: मांडीत गोळी लागलेला सुभानजी आणि त्याला खांदा दिलेला बाळोजी नाईक, गडाच्या रामोश्यांचा म्होरक्या. गनिमाचे बंदूकवाले झाडीतून जवळ येत होते. सुभानजी दोर बाळोजीच्या कमरेला बांधत होता.

कड्याच्या काठाशी एकट्या म्हाळसाबाई होत्या. दोर ओढणारे मागे वडाच्या बुंध्याला पाय रेटून उभे. बारांच्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नव्हते. नवऱ्याच्या चितेपाशीही जिने आवाज चढवला नव्हता, ती बाई खाली वाकून ओरडली, "बाळोजी, थोरल्या धन्यांच्या मिठाची आण आहे. आधी त्याला बांध."

बाळोजीने वर पाहिले. एकच मुजरा केला. मग झटापट करणाऱ्या जखमी धन्याला त्याने दोरात अडकवले आणि हिसका दिला. किल्लेदार वर आला. दोर पुन्हा सोडला, तो हलकाच वर आला.

दिवस कलताना गनिमाचे उंट माघारी वळले. पण गडावर शिंग वाजले नाही. सदरेवर माणसे गोळा झाली, आणि पुढे आली बाळोजीची बायको तुळसा, नवऱ्याने उतरताना तिच्याकडे दिलेले मुंडासे हातात घेऊन.

"सरकार, सरदार शेवटी चढतो, अशी रीत हाय. मग माझा धनी खाली कसा ऱ्हायला? हुकूम कुणाचा?"

बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून म्हाळसाबाई ऐकत होत्या. आता पोर आपले नाव घेईल. घ्यावेच, असेही मन म्हणत होते, पण पाय जागचे हलेनात. उभा जन्म दुसऱ्याला भेकड म्हणण्यात गेला, अन् आज स्वतः पडद्याची काडी घट्ट धरून उभ्या.

सुभानजी काठीच्या आधाराने उठला. पडद्याकडे त्याने पाहिलेही नाही.

"गडावर सुटणारा प्रत्येक हुकूम किल्लेदाराचा असतो, तुळसाबाई. हुकूम माझा."

मग मागून कुणीतरी म्हणाले, "तरीच दोर एवढा तपासत होते." कुणी हसले नाही. तुळसाने मुंडासे पायरीवर ठेवले आणि पाठ फिरवली. तिच्यामागे रामोशी निघाले, शिपाईही हलू लागले. सुभानजी तसाच उभा, खाली न बघता.

पडदा बाजूला झाला. ज्या सदरेवर त्या घराण्याची बाई कधी उघड उभी राहिली नव्हती, तिथे म्हाळसाबाई सगळ्यांदेखत उतरल्या. त्यांनी मुंडासे उचलून पदरात घेतले.

"तुळसा, थांब. मिठाची आण मी घातली. हा तर तुझ्याच धन्याच्या कमरेला दोर बांधत होता."

मग लेकाकडे वळल्या. जन्मापासून ज्याला अरेतुरे केले, त्याच्यापुढे त्या कमरेत वाकल्या.

"किल्लेदार, सकाळी मी विचारलं होतं, मुजरा कोण करील. हा माझा घ्या. गड तुम्ही राखलात, बाळोजीला मी मारलं. आता आई म्हणून बघू नका. निवाडा सांगा."