तीन वाजताचा वारा

हार्डवेअरच्या दुकानात तो माझ्यासमोर आला तेव्हा माझ्या एका हातात दाराखाली सारायची रबरी पाचर होती, दुसऱ्या हातात लोहचुंबकाचा स्टॉपर, आणि काउंटरवर माझी वही.

"वारा दार किती जोरानं ढकलतो, ते मोजलंस?" वहीतली दाराची आकृती आणि सात मापं बघत त्यानं विचारलं. खिशावर नावाची पट्टी होती – युरे.

"सामान तोलायच्या काट्यानं. सात वेळा."

"किती वाजता?"

"सकाळी... कामावर जाण्याआधी."

त्यानं हसू दाबलं. "फ्रीमँटलचीच ना तू? सकाळी वारा जमिनीकडून येतो. बाहेर उघडणारं दार तो उघडंच ठेवतो. आपटतो तो दुपारचा... समुद्रावरचा."

मी कानापर्यंत लाल झाले. जन्म ऑस्ट्रेलियातल्या याच बंदरगावातला, पदवी भौतिकशास्त्राची, आणि वाराच चुकीचा मोजला.

मग सगळं सांगून टाकलं. पापांची चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेली. पाय अधू झाल्यापासून वॉकर धरून चालतात, दोन्ही हात त्यात अडकलेले. गेल्या महिन्यात मागचं दार त्यांच्या अंगावर आपटलं. तेव्हापासून ते ओसरीवर जात नाहीत. जिथून बंदर दिसतं, ती त्यांची खुर्ची रिकामीच असते.

युरेनं माझ्या हातातल्या दोन्ही वस्तू अलगद काढून फळीवर ठेवल्या. रविवारी दुपारी येतो म्हणाला.

आला. आधी पापांना दारात उभं केलं आणि विचारलं, वाकता येतं का? वाकता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, पापा गुरगुरले. मग त्यानं ओसरीच्या भिंतीवर, बरोबर पापांच्या कोपराच्या उंचीवर, लांब पितळी आकडा बसवला – बोटीच्या केबिनला असतो तसा. दाराला कडी. मी महिनाभर जमिनीवर बसवायच्या, वाकून लावायच्या वस्तूच शोधत होते...

पापांनी स्वतःच्या हातानं आकडा अडकवला. तीनच्या सुमारास पडदे फुगले. दार थरथरलं, आकडा करकरला – आणि दार जागचं हललं नाही. पापा सावकाश खुर्चीपर्यंत गेले, बसले, आणि वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटले.

मी वळले. "युरे, तुझे आभार कसे मानू..."

"मानू नकोस. पुढच्या रविवारी तपासायला येतो. स्क्रू सैल पडतात."

"किती रविवार?"

"कमीत कमी सात. एका मोजणीवर कोण विश्वास ठेवतं?"

"आणि नाही पडले सैल, तर?"

तो हातातल्या पेचकसाकडे बघत राहिला. "तरी येईन, लोरेदाना... तुझ्यासाठी."

मी पेचकस त्याच्या हातातून काढून घेतला, आणि हात मात्र सोडला नाही.

ओसरीवरून पापांचा आवाज आला, "दार उघडंय, सगळं ऐकू येतं. कॉफी तिघांची कर."