कोपऱ्यातला श्वास

लिफ्ट भलत्याच मजल्यावर उघडली आणि नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन बाहेर पडला, तो थेट तिच्या पुढ्यात.

“आलात! बसा,” ती हसली.

“मी... चुकून आलोय.”

“चुकून का होईना, आलात तर खरं!”

ऑफिसात तिला सगळे ‘श्वासबाई’ म्हणत. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी श्वासाचे व्यायाम शिकवायला कंपनीने तिला नेमलं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत या मोकळ्या हॉलकडे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. तिने पोस्टर लावली, टेबलाटेबलाशी जाऊन आर्जवं केली. लोक तोंडावर ‘हो हो’ म्हणत आणि मग चटकन नजर चुकवत. असंच चाललं तर उपक्रम गुंडाळणार होते, आणि तिची नोकरीही जाणार होती.

दोघांनी डोळे मिटले. काचेवर पाऊस बारीक वाजत होता.

“श्वास घ्या... सावकाश सोडा...”

तिचा श्वास. त्याचा श्वास. आणि कोपऱ्यातून आणखी एक — घरघरणारा, घाईचा.

तिने दचकून पाहिलं. कोपरा रिकामा होता.

“तुम्हालाही ऐकू आला?” त्याने कुजबुजत विचारलं. “पूर्वी इथे आमची टेबलं होती. त्या कोपऱ्यात माझा मित्र बसायचा. दम लागायचा त्याला, पण जागेवरून उठायचं नाव नाही. ‘एवढं काम संपू दे,’ म्हणायचा... खुर्चीतच गेला. तेव्हापासून इथे कुणी येत नाही.”

“आणि तुम्ही चुकून आलात?”

“लिफ्ट चुकली,” तो खाली बघत म्हणाला, “पाय नाही चुकले.”

ती पळूनच जाणार होती... पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, मग तीही थांबली. रोज ती कोपऱ्याकडे तोंड करून म्हणे, “घाई नाही हं... सावकाश.” घरघर किंचित उतरे. तिचे हात मात्र गार पडत.

“भीती वाटते?” तो विचारी.

“तुम्ही असलात की कमी. तुम्ही मित्रासाठीच येता ना?”

“आधी त्याच्यासाठीच येत होतो...” म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

मग त्यानेच सहकाऱ्यांना गाठलं. “तो आपलाच माणूस होता. जिवंतपणी ‘ऊठ, जरा दम खा’ असं कुणी म्हटलं नाही त्याला. आता तरी या.”

एका दुपारी हॉल भरला. सगळ्यांचा श्वास एका लयीत चालू लागला, आणि कोपऱ्यातलाही हळूहळू त्यात मिसळला. लांब... शांत... मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तिथे खुर्ची नव्हतीच. गार झुळूक दोघांच्या मधून दाराकडे गेली.

त्याचे डोळे भरून आले.

हळूहळू सगळे उठून गेले. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

“उठला एकदाचा,” तो पुटपुटला. “आता उद्यापासून... मी कुणासाठी येऊ?”

“अगदी कुणीच नाही का इथे?” तिने हळूच विचारलं.

त्याने मान वर केली. आणि तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला.