रबरी चटईखालची चौकट

"भोक! भोकात गेला! माझा पॉइंट!" शेपूट दोन्ही हात वर करून नाचायला लागला.

"भोकात गेला की पॉइंट कुणालाच नाही, असं ठरलंय!" खार ओरडली.

"ते काल ठरलं होतं. आज मी हरतोय, म्हणून आज वेगळं!"

नदीच्या धक्क्यावर, शेडच्या मागे टेबल टेनिसचा सामना चालला होता. टेबल म्हणजे दोन पिंपांवर आडवा टाकलेला प्लायवूडचा फर्मा. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला रुंद, आणि मध्यापासून जरा बाजूला एक चौकोनी भोक. चेंडू हटकून त्यातच जायचा.

फर्मा खारच्या बाबांचा. ते लाँचवर ॲल्युमिनियमचे डेक बसवायचे. डेक म्हणजे प्रवासी ज्यावर उभे राहतात ती लाँचची जमीन. जुन्या डेकवर प्लायवूड अंथरून फर्मा कापायचा आणि तो पत्र्यावर ठेवून नवा डेक कापायचा, अशी बाबांची पद्धत. फर्म्याला जिथे भोक, तिथे डेकला झाकण. झाकण उघडलं की खाली इंजिन. बाबांनी बसवलेल्या जोडात दोराही शिरत नाही, असं सगळा धक्का म्हणायचा, आणि ते ऐकताना खारची मान आपोआप ताठ व्हायची. ती सतत कशावर तरी चढलेली असायची, म्हणून खार. धाकटा भाऊ सतत तिच्या मागे, म्हणून तो शेपूट.

"गोटी, तू सांग! पॉइंट कुणाचा?"

गोटी पिंपाला टेकून बसली होती. लहानखुरी आणि टणक, म्हणून गोटी. लाँचच्या इंजिनवाल्याची मुलगी, खारची बालवाडीपासूनची मैत्रीण. आज तिने बॅटला हातही लावला नव्हता.

"आमचं सामान बांधायला घेतलंय," ती म्हणाली.

"म्हणजे? कुठे जाताय?"

"लाँचचे मालक म्हणाले, खोली रिकामी करा. उद्या तपासणीवाल्या बाई येणार. त्यांनी बाबांचा हलगर्जीपणा ठरवला की बाबांचा परवाना गेला. मग कुठलंच इंजिन नाही."

गेल्या आठवड्यात भर नदीत लाँचचं इंजिन तापून बंद पडलं होतं. धूर, किंकाळ्या, आणि लाँच वाहत जाऊन खडकावर आदळली. कुणी बुडालं नाही एवढंच नशीब. इंजिन गार ठेवायला नदीचं पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्यातला कचरा अडवणारी जाळी तुंबली होती. मालकांनी सगळं खापर गोटीच्या बाबांवर, म्हणजे इंजिनकाकांवर फोडलं होतं.

"पण काका रोज जाळी साफ करायचे ना?" खार म्हणाली.

"जुन्या डेकवर करायचे! नवा डेक बसल्यापासून जाळीला हातच पोचत नाही, असं ते पहिल्या दिवसापासून सांगतायत. मालकांनी तुझ्या बाबांना विचारलं. तुझे बाबा म्हणाले, पोचतो."

"मग पोचतच असणार!"

"म्हणजे माझे बाबा खोटं बोलतात?"

"मी तसं नाही म्हटलं!"

"तसंच म्हटलंस!"

दोघी फुरंगटून दोन दिशांना बघत राहिल्या. शेपटाने भोकातून डोकं वर काढलं. तो चेंडू शोधायला खाली शिरला होता.

"ए, मला एक सांगा. काकांचा हात कोपरापर्यंत भाजलाय ना? पण जाळीत तर नदीचं गार पाणी असतं. गार पाण्याने कुणी भाजतं का?"

दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांनी त्या हाताचं बँडेज बघितलं होतं, हळहळही व्यक्त केली होती. हा साधा प्रश्न मात्र एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"चला लाँचवर!" खार म्हणाली. "आत्ताच! हात पोचतो हे मी दाखवते तुला!"

बाबांचं काम चोख आहे हे सिद्ध करायलाच ती निघाली होती.

जेवणाची वेळ होती. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. लाँच दोरखंडाला बांधून ठेवली होती. नव्या डेकवर काळी रबरी चटई चिकटवलेली, बाकं ओळीने बसवलेली, कठडे चकचकीत. झाकण उजव्या बाजूला होतं. खारने कडी फिरवून ते उघडलं. बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही.

"बघ! केवढं ऐसपैस आहे!"

"ऐसपैस आहे. जाळी कुठाय?"

तिघांनी तीन डोकी आत घातली. बरोबर खाली इंजिनाची उजवी बाजू होती. तिथे काहीच नव्हतं, नुसतं लोखंड. जाळीचा पितळी डबा पार पलीकडे, डाव्या बाजूला. आणि अधेमध्ये धुराचा जाडजूड नळ.

गोटी पोटावर झोपली आणि तिने खांद्यापर्यंत हात घातला. कोपर नळावर टेकलं. बोटं अजून वीतभर दूर होती.

"इंजिन चालू असताना हा नळ तापून लाल होतो," ती म्हणाली. "बाबा भर नदीत इथून हात घालत होते. लोक ओरडत होते आणि ते यावर हात टेकून..."

शेपटाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पण झाकण या बाजूला कशाला ठेवलं?" तो म्हणाला. "आपल्या टेबलाचं भोक तर त्या बाजूला आहे!"

"कसं काय?"

"टेबलाच्या खालून बघ ना, मी सारखा तिथेच असतो! खालच्या अंगाला जुन्या डेकचा निळा रंग लागलाय. म्हणजे ती बाजू डेकला टेकली होती. तसं धरलं की भोक डावीकडे."

निमुळतं टोक पुढे, निळी बाजू खाली. मनातल्या मनात तिने फर्मा लाँचवर ठेवला. भोक बरोबर जाळीच्या डोक्यावर आलं. मग तो उलथा केला. लाँच दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे कडा उलथ्या फर्म्यालाही तंतोतंत बसल्या. फक्त भोक उजवीकडे गेलं.

पत्रा कापताना फर्मा उलटा पडला होता. बाबांचा!

"चूक होते माणसाची," ती घाईघाईने म्हणाली. "त्यांच्या लक्षातच आलं नसणार. कळलं असतं तर त्यांनी लगेच..."

बोलता बोलता ती डाव्या बाजूला आली होती. जिथे झाकण असायला हवं होतं, तिथे चटईचा कोपरा जरासा सुटलेला. तिने तो उचलला.

खाली पत्र्यावर टोकदार सळईने आखलेली एक चौकट होती. झाकणाच्याच मापाची. कापायला जिथून सुरुवात करायची तिथली खूणसुद्धा ठोकलेली. आणि चारही कोपरे गोल.

चौकोनी कोपरा ठेवला की पत्रा तिथून चिरतो, म्हणून बाबा आपला चहाचा कप उपडा ठेवून कोपऱ्याला गोलाई द्यायचे. त्या कपाच्या काठाचा टवका उडाला होता. त्यामुळे त्यांच्या आखणीच्या गोलाईत एक बारीकसा दात यायचा. या चारही कोपऱ्यांत तो दात होता.

बाबांना कळलं होतं. त्यांनी नवीन झाकण आखलंही होतं. आणि मग त्यावर चटई चिकटवली होती.

"काय आहे गं?" गोटीने विचारलं.

"काही नाही," खार म्हणाली आणि तिने चटई पायाने दाबून टाकली.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलंच.

"बाबा, फर्मा उलटा पडला तर काय होतं?"

आईने चमकून बघितलं. बाबा ताटातच बघत राहिले.

"माझा पडत नाही," ते म्हणाले. "गप जेव."

खारला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. आला तो राग, आणि तो कुठे ठेवायचा तेच तिला समजेना. शेपटाने जेवणाच्या टेबलाखालून तिचा हात धरला. एरवी तिने झटकला असता.

सकाळी ती गोटीच्या खोलीवर गेली. दारात गाठोडी होती. इंजिनकाका खाटेवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते.

"गोटी, काल मी खोटं बोलले. चटईखाली..."

"चौकट आहे. तू गेल्यावर मी परत जाऊन बघितली."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगतेस का, ते बघत होते," गोटी म्हणाली.

त्यापेक्षा तिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तपासणीवाल्या बाई जाड तळव्याचे बूट घालून आल्या तेव्हा मालक इस्त्रीच्या शर्टात वाकून वाकून स्वागत करत होते. बाजूला खारचे बाबा हाताची घडी घालून उभे. काका लांब, कठड्यापाशी.

"झाकण बघा मॅडम! कसलं ऐसपैस! हलगर्जी माणसाला काय, निमित्त लागतं. अहो, लहान मूलसुद्धा हात घालून जाळी काढेल!"

"मी आहे!" शेपूट गर्दीतून उसळला. "मी लहान मूल आहे! मी काढतो!"

"ए, चल हट! कुणी सोडलं याला इथे?"

"तुम्हीच तर म्हणालात!" शेपूट म्हणाला. लोक हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "काढू दे की. इंजिन गार आहे."

शेपूट आडवा झाला. खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत आत गेला. पाय हवेत! "पोचत नाहीये!" आतून घुमल्यासारखा आवाज आला.

"त्याचा हातच केवढासा!" मालक घाम पुसत म्हणाले.

"मग मालक, तुम्ही घाला ना," खार अगदी गोड आवाजात म्हणाली. "तुमचा तर मोठा आहे."

आता सगळा धक्का बघत होता. मालक कुंथत गुडघ्यावर बसले. इस्त्रीची बाही आत गेली आणि अडकली. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काजळीने माखली होती. बरोबर तिथेच, जिथे काकांना बँडेज होतं.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी त्या बाहीकडे बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या काकांच्या हाताकडे.

"इंजिन गार होतं म्हणून शर्टावर निभावलं," त्या म्हणाल्या.

"पण डेक मी नाही बनवला!" मालकांनी हात वर केले. "यांनाच विचारा! मी यांना विचारलं होतं, हे म्हणाले हात पोचतो!"

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. बाबांनी घसा खाकरला. "झाकणाची जागा पहिल्यापासून तिथेच..."

"बाबा," खार म्हणाली.

तिने वाकून चटईचा कोपरा धरला आणि सगळा जोर लावून ओढला. टर्रर्र आवाज करत चटई सुटली. उन्हात चौकट लख्ख दिसली. चार गोल कोपरे, चार बारीक दात. खरं ते बाबांच्या तोंडून यावं, एवढीच तिची इच्छा होती. ते आता "मला ठाऊक नाही" म्हणाले असते, तर ती त्यांना पुन्हा कधी बाबा म्हणू शकली असती की नाही, देव जाणे.

बाबा चौकटीपाशी येऊन उकिडवे बसले.

"फर्मा उलटा पडला," ते शेवटी म्हणाले. "डेक बसवला तेव्हाच कळलं. हे आखलं, कापणारही होतो. तेवढ्यात मालक लोकांना घेऊन डेक दाखवायला आले. सगळे वाहवा करत होते. त्यांच्यासमोर कसं सांगू, की मी... मी चटई टाकली." मग ते काकांकडे वळले. "तू म्हणत होतास ते खरं होतं."

काकांनी मान हलवली.

बाईंनी जागच्या जागी निकाल दिला. इंजिनवाल्याचा दोष नाही, झाकण योग्य जागी होईपर्यंत लाँच बंद. मालकांचा चेहरा पडला, तो बघायला मात्र मजा आली! मग बाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

"शाब्बास! मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत!"

धक्क्यावर टाळ्या वाजल्या. मालकसुद्धा काजळीचे हात वाजवत होते. मोठ्यांना दिसलं नव्हतं, असं बाई म्हणाल्या. खारला ओरडून सांगावंसं वाटलं, दिसलं होतं! पण टाळ्यांच्या आवाजात कोण ऐकतंय?

दुसऱ्याच दिवशी बाबांनी चौकट कापली. जेवण झाल्यावर सुरुवात केली. कडा घासल्या, रबरी पट्टी लावली, बिजागऱ्या ठोकल्या. उन्हं उतरायच्या आत झाकण तयार झालं.

मालकांनी काकांना परत बोलावलं. ते आले नाहीत. भाजलेल्या हाताची मूठ अजून वळत नव्हती, आणि डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. दूरच्या गावी गोटीच्या मामांचं दुकान होतं, तिकडे निघाले. परवाना खिशात होता. तो वापरायला हात हवा, एवढंच.

निघायच्या आधी गोटी लाँचवर आली. खार नव्या झाकणापाशी बसली होती. तिने एका बोटाने ते उचललं. खाली पितळी डबा, हाताच्या अंतरावर. गोटीने वाकून त्याची चावी फिरवली आणि जाळी अलगद बाहेर काढली. चार वाळकी पानं अडकली होती. तिने ती झटकून पाण्यात टाकली.

"किती वेळ लागला हे करायला?" तिने विचारलं.

"एक दुपार," खार म्हणाली.

गोटीने जाळी परत जागेवर बसवली आणि झाकण लावलं. ते अगदी चोख बसलं, दोरा शिरला नसता.