चार स्क्रूंची खेळपाटी

एकच बटण, पण तेच दाबता येत नसेल तर काय करायचं? २०५४ सालच्या ऑगस्टमध्ये, मिरजेत, हे कोडं माझ्यापुढे आलं आणि ते सोडवायच्या नादात मी चांगलं चालतं खेळयंत्र बंद पाडलं.

आधी ओजसबद्दल सांगते. ओजस माझा धाकटा भाऊ, वय वर्षं आठ. त्याच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून वळत नाहीत. जीभ मात्र नको तितकी वळते! येत्या शनिवारी आमच्या शाळेत ‘धूमकेतू शर्यत’ होती. प्रत्येकाने आपल्या हातातल्या खेळयंत्रावर यान पळवायचं. ओजसने नाव दिलं, वर्गभर सांगून आला आणि घरी येऊन रडला. कारण आमच्या ‘चमक-९’ला यान वळवायची कळ डावीकडे होती, पण इंजिन पेटवायचं बटण उजवीकडे.

‘बटण इकडचं तिकडे करायचं, त्यात काय!’ असं म्हणत मी पेचकस घेतला. पण चमकला एकही स्क्रू सापडेना. सगळं गोंदाने चिकटवलेलं. पट्टी खुपसून झाकण उचकटलं, तर पडद्यावर अक्षरं उमटली : ‘अनधिकृत हाताळणी. यंत्र कायमचं बंद.’ करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी ओजसला आणि त्या मेलेल्या चमकला घेऊन शेजारच्या शिकलगार आजोबांकडे गेले. आजोबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनत आल्या. हे मात्र शास्त्रज्ञ झाले आणि तीस वर्षं उपग्रहांचे मेंदू बनवत राहिले.

“काय गं इरा, तोंड का पाडलंयस?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कपाटातून त्यांनी एक चपटी पेटी काढली. कोपऱ्यांत चार स्क्रू आणि काचेच्या पाठीतून दिसणारी हिरवी सर्किटपट्टी. चमकपुढे ती अगदीच गावठी वाटत होती.

“ही खेळपाटी. मुक्तस्रोत आहे,” आजोबा म्हणाले. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा आराखडा आणि आज्ञावली कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतात असं. “जगभरातल्या हजारो हौशी लोकांनी मिळून केलीय.”

“फुकट? कशासाठी?” ओजसने विचारलं.

“सतारीच्या दांडीवरचे पडदे दोऱ्याने का बांधतात, माहितीय? खिळे ठोकले असते की.”

“सरकवता यावेत म्हणून?” ओजस म्हणाला.

“शाब्बास! राग बदलला की वाजवणारा पडदा सरकवतो. कारागिराला विचारायला जात नाही. ज्याला आपल्या हातातली वस्तू अशी आपली करून घ्यायची असते, त्याला चकचकीतपणाचं काय पडलंय!”

मग त्यांनी चार स्क्रू काढले. आतमध्ये इंजिनाच्या बटणापासून दोन बारीक तारा निघून एका काळ्या चिपपर्यंत (यंत्राचा मेंदू असलेल्या चिमुकल्या तुकड्यापर्यंत) गेल्या होत्या.

“बटण दाबलं की काय होतं?”

“तारा जोडल्या जातात,” मी म्हणाले.

“आणि चिपच्या सात नंबरच्या टोकाला ते कळतं. आज्ञावलीत लिहिलंय : सातवर जोड झाली, इंजिन पेटव. आता सांग, बटण उजवीकडे आहे की डावीकडे, हे चिपला कसं कळतं?”

मी विचार केला आणि एकदम उडालेच. “कळतच नाही! तिला फक्त जोड झालेली कळते!”

म्हणजे तारा लांब केल्या, तर बटण कुठेही नेता येईल! कोडं इतकं सोपं होतं, फक्त चमकने आम्हाला आत बघूच दिलं नव्हतं.

आम्ही बटण पेटीच्या पाठीवर, ओजसच्या डाव्या तर्जनीखाली न्यायचं ठरवलं. प्रत्येकाचं बोट वेगळं, म्हणून मी तिथे लांबट खाच आखली. छोटा स्क्रू सैल केला की बटण खाचेत सरकेल. गुरुवारी आजोबांच्या त्रिमिती छपाईयंत्राने (थरावर थर देऊन वस्तू घडवणाऱ्या यंत्राने) नवी पेटी बनवली. आराखडा जसाच्या तसा होता, फक्त खाच माझी. पण झाकण बसेना! बॅटरीची जागा दोन मिलिमीटर उथळ होती.

आजोबांनी खेळपाटीवाल्यांच्या कट्ट्यावर (जगभरचे हौशी जिथे एकमेकांशी बोलतात त्या जागेवर) विचारलं. तासाभरात अकरा उत्तरं आली. ‘हो, माझंही तसंच झालं. कानसेने घासलं.’ ‘मीही घासलं.’ सगळ्यांनी आपापलं घासून घेतलं होतं आणि मूळ आराखडा दुरुस्त करायचं एकालाही सुचलं नव्हतं!

मी तडकलेच. “अकरा जण, आणि सगळे गप्प? मग या मुक्तपणाचा उपयोग काय?”

“चूक कुठेही होते, बाळा. इथे ती तुला दिसली आणि सुधारता येते,” आजोबा म्हणाले. “पण सुधारल्यावर सांगायलाही लागतं. ते या अकरा शहाण्यांकडून राहिलं. तूही बारावी होणार का?”

मी बारावी झाले नाही. बॅटरीच्या जागेची खोली दोन मिलिमीटर वाढवून आराखडा कट्ट्यावर चढवला. डाव्या हाताच्या खेळपाटीचा आराखडाही सोबत दिला. खाली लिहिलं, ‘दुरुस्ती : इरा, मिरज.’ त्या ओळीकडे मी किती वेळ बघत बसले, ते सांगत नाही.

शुक्रवारी नवी पेटी छापली आणि तारा लांब करून बटण खाचेत बसवलं. शनिवारी पहिल्या फेरीत ओजस शेवटून दुसरा आला. “बटण जरा खाली आहे, बोट ताणावं लागतं,” तो म्हणाला. दुसरी फेरी पाच मिनिटांवर होती. मी पेचकस काढून हात पुढे केला. ओजसच्या पाण्याच्या बाटलीचं झाकणही आजवर मीच उघडत आलेय.

“असू दे ताई. मला माहितीय कुठला स्क्रू,” तो म्हणाला आणि पेचकस घेतला.

त्याने खेळपाटी गुडघ्यांत धरली, उजव्या मनगटाने दाबली, डाव्या हाताने स्क्रू सैल केला. पेचकस दोनदा घसरला. मला राहवत नव्हतं, तरी मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. बटण वर सरकलं. त्याने स्क्रू आवळला, दाबून पाहिलं, आणि इंजिन पेटलं.

दुसऱ्या फेरीत तो सहावा आला. बक्षीस तिघांनाच होतं. त्याचं त्याला काहीच नव्हतं. धावत आला तो एकच घोकत, “ताई, खाच आणखी वर वाढवायला हवी, लहान बोटांसाठी. आजच सगळ्यांना सांगूया. आणि हे बघ, खाली माझं नाव घालायचं!”